कानामागून आला, तिखट झाला

ऑफिसात बसून हे वाचत असाल तर जरा मान वर करून आजूबाजूला बघा. दर तिघांमागे दोघांच्या कानात काहीतरी असणारच. कुणाच्या कानात पांढऱ्या शेंगा, कुणाच्या मानेवर पट्टा, तर कुणी डोक्यावर थेट पायलटसारखं काहीतरी चढवलेलं. आणि एखाद्या कोपऱ्यात एखादाच 'वायरवाला'. बाकीची पब्लिक त्याच्याकडे ज्या नजरेने बघते ना, त्याच नजरेने एके काळी पेजरवाले लोक पोस्टकार्ड लिहिणाऱ्यांकडे बघत असणार.

तर मंडळी, ती वायरवाली म्हणजे मी. आणि गेल्या दिवाळीपासून मी बिनवायरवालीसुद्धा आहे. भाऊबीजेला धाकट्या भावाने ओवाळणीच्या ताटात एक चौकोनी खोकं ठेवलं. आत वीस हजारांच्या घरातला, नॉइज कॅन्सलेशनवाला, डोक्यावर घालायचा ब्लूटूथ हेडफोन. (आयटीवाला भाऊ असण्याचे काही फायदे असतात. तोटे पुन्हा कधीतरी.) सोबत एक प्रेमळ सूचना, "ताई, आता तरी ते डबडं फेक!"

डबडं म्हणजे सोनीचा एमडीआर-7506. मास कॉमला असताना एका सीनियर साउंड रेकॉर्डिस्ट दादाकडून सेकंडहँड घेतलेला. तुम्ही तो बघितलेला आहे, फक्त नाव माहीत नसेल. रेडिओ स्टेशनच्या फोटोत आरजेच्या डोक्यावर असतो, शूटिंगच्या सेटवर बूम धरणाऱ्याच्या गळ्यात असतो. काळा रंग, बाजूला निळी पट्टी आणि जुन्या लँडलाइन फोनला असायची तशी कुरळी वायर. हे मॉडेल बाजारात आलं 1991 मध्ये. म्हणजे वयाने माझ्याहून मोठं, आणि अजूनही बनतंय. नव्याचं नाव मात्र मुद्दाम सांगत नाही. या किमतीतले सगळे थोड्याफार फरकाने एकाच वळणाचे असतात, आणि मला इथे कुणाची जाहिरात करायची नाही.

आता डबडं फेकायचं की नाही, हे ठरवायचं कसं? ऐकूनच. सोपं वाटतंय ना? बिलकुल नाही.

पहिली भानगड आवाजाच्या उंचीची. दोन हेडफोनपैकी एक जरासा, अगदी कळणारही नाही इतका मोठा वाजत असेल, तर आपल्याला तोच 'चांगला' वाटतो. मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. फंडा हा की कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि वरचे बारीक आवाज मुळातच कमी ऐकू येतात. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्येच हे मोजून ठेवलंय. आवाज वाढवला की बेस भरतो, वरची चमक येते आणि आपण म्हणतो, वा, क्या बात है! दुकानातला पोऱ्या जो हेडफोन विकायचा असतो तो दोन खाचा चढवून का ऐकवतो, हे आता लक्षात आलं असेल.

म्हणून आधी दोघांना समान पातळीवर आणणं भाग होतं. मी पुठ्ठ्याच्या तुकड्याला भोक पाडलं, त्यात फोनचा माइक बसवला, वरून हेडफोन दाबून धरला आणि आवाज मोजायच्या फुकट ॲपवर आकडा बघत दोघांचा व्हॉल्यूम जुळवला. भावाने याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आत्याने विचारलं, कानाला काही झालंय का पोरीला? असो. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही पद्धत गावठी आहे, पण दोघांमधली तफावत मिटवायला पुरते.

मग ऐकायला बसलो. आणि पहिल्या राउंडला माझा हेडफोन साफ झोपला.

'रोजा' (1992) लावलं. रहमानचा तो गोल गोल बेस नव्यात पोटापर्यंत पोहोचत होता. जुन्यात तो कुठेतरी शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजत असल्यासारखा. भाऊ खुशीत. "बघ, मी सांगत होतो. तीस वर्षांत टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेली, ताई." मला काही पटेना. कारण हाच हेडफोन कॉलेजच्या स्टुडिओत असा मरतुकडा वाजत नव्हता. ड्रायव्हर, म्हणजे आतली ती चाळीस मिलिमीटरची थरथरणारी चकती, थकली की काय?

चकती थकत नाही. थकतं ते पॅड. आतला स्पंज चपटा झाला होता आणि वरच्या कृत्रिम चामड्याचे पापुद्रे निघून कानामागे चिकटत होते. कुठल्याही कंपनीचं घ्या, त्या चामड्याचं नशीब तेच. मुंबईचा जुलै-ऑगस्ट, घाम आणि आईने रविवारी डोक्यावर थापलेलं खोबरेल तेल, यापुढे ते बिचारं किती टिकणार? आणि पॅड हा नुसता बसायला आरामशीर गादीचा प्रकार नाही, आवाजाचा तो अर्धा भाग आहे. बंद हेडफोनमध्ये बेस ऐकू यायचा तर कानाभोवतीची हवा कोंडलेली असावी लागते. पॅड फाटलं, चष्म्याची काडी मध्ये आली, झुमक्याने फट पाडली, की बेस तिथून पळाला. शिवाय स्पंज चपटा झाला की चकती कानाच्या जवळ सरकते आणि बाकीच्या आवाजाचाही तोल बदलतो. म्हणजे 'जुन्या हेडफोनचा आवाज' म्हणून आपण जे ऐकत असतो, तो बऱ्याचदा फाटक्या पॅडचा आवाज असतो!

लॅमिंग्टन रोडवर गेले. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत पाच-सात मिनिटं. तिथल्या एका खोपट्याएवढ्या दुकानात नवीन पॅडची जोडी साताठशे रुपयांत मिळाली. दुकानदार काकांनी जुनं पॅड ओढून काढलं, नवीन कडेत सरकवलं, दोन मिनिटांत काम खल्लास. वर म्हणाले, "वायर अजून शाबूत आहे. तुटली तर घेऊन या, डाग मारून देतो." नव्या हेडफोनचं पॅड मिळेल का, असं सहज विचारलं. "मॅडम, ओरिजिनल नाही मिळणार. कॉपी आहे, पण आवाज बदलेल, मग मला बोलायचं नाही." नवीन हेडफोन विकणाऱ्या कुठल्याही चकचकीत शोरूममध्ये इतकं खरं कुणी बोलत नाही.

दुसऱ्या राउंडला 'रोजा'चा बेस शेजारच्या बिल्डिंगमधून घरी परत आला होता. नव्याइतका नाही, पण भरपूर. भावाचा चेहरा बघण्यासारखा.

आता खरी तुलना. किशोरी आमोणकरांचा भूप लावला, 'सहेला रे'. इथे बेसची मारामारी नाही. आहे ती तानपुऱ्याची जवारी आणि किशोरीताईंचा श्वास. जुन्यात तानपुरा वेगळा, त्याच्या तारांवरची ती सळसळ वेगळी, गळा वेगळा. प्रत्येकाची आपापली जागा. नव्यात सगळं गोड, पण एकमेकांच्या अंगावर रेललेलं. गर्दीच्या सोफ्यावर पाच पाहुणे बसवल्यावर होतं तसं. भावालाही हे ऐकू आलं, पण त्याचं म्हणणं, "मला गोडच आवडतं." हेही बरोबर. जुना हेडफोन मुळात मजेसाठी बनलेलाच नाही. रेकॉर्डिंगमधली खोट हुडकून काढायला बनलाय. त्याचा वरचा आवाज जरा तिखट आहे, 'स' आणि 'श' टोचतात. तासभर सलग गाणी ऐकली की डोकं भणभणतं. मला सवय आहे, पाहुण्यांना मी तो देत नाही.

'सैराट'ला (2016) मात्र निकाल पलटला. अजय-अतुलने त्या सिनेमासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर अख्खा वाद्यवृंद रेकॉर्ड केला होता. 'याड लागलं'मध्ये व्हायोलिनचा ताफा जेव्हा उसळून येतो, तेव्हा नव्यात तो हॉल उभा राहतो. जुन्यात व्हायोलिनं मोजता येतात, पण अंगावर काटा येत नाही. मी हे लिहिताना मनावर दगड ठेवलाय, पण जे ऐकलं ते ऐकलं.

इथे भावाने एक इरसाल प्रयोग सुचवला. नव्याला वायर लावून, पण त्याचा पॉवर बंद ठेवून ऐकायचं. ऐकलं, आणि दोघंही गप्प. तो वीस हजारांचा हेडफोन एकदम घसा बसल्यासारखा, मंद, चादरीआडून बोलल्यासारखा वाजायला लागला. कारण साधं आहे. या नव्या पिढीतल्या बऱ्याच हेडफोनमध्ये आत एक छोटा कॉम्प्युटरच बसलेला असतो. तो दर क्षणाला आवाज घडवतो, कुठला सूर वाढवायचा, कुठला दाबायचा ते ठरवतो. चकतीचा स्वतःचा आवाज मग कसाही असला तरी चालतो, मेकअप आत होणारच असतो. जुन्याला मेकअप नाही. त्याचं जे आहे ते स्पंज, चकती आणि डबीच्या आकारातून आलेलं. यात वाईट काहीच नाही हं. मेकअपवाला सुंदर दिसत असेल तर दिसतोच की. पण वीज गेली की तोंड धुतलं जातं, इतकंच.

आमचा एक ऑडिओफाइल मित्र आहे. घरात वायरी जास्त, फर्निचर कमी. हा सगळा किस्सा ऐकून तो म्हणाला, नव्याला आधी शंभर तास वाजवत ठेव, 'बर्न-इन' होऊ दे, मग ऐक. अनेकांची यावर श्रद्धा असते. माझं मत, शंभर तासांत चकतीपेक्षा आपलेच कान नव्या आवाजाला सरावतात. नवीन चपलेसारखं. फक्त चपलेच्या बाबतीत चप्पलही सैल होते, इथे बहुतेक फक्त पायच.

त्याच मित्राचं दुसरं म्हणणं, वीस हजारांत काय येतं, चांगलं हवं तर लाखात जायला पाहिजे. आता याला मात्र उत्तर आहे. जेरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनची मोजमापं आणि त्यांच्या किमती शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. महागड्या हेडफोनचा आवाजाचा तोल स्वस्तापेक्षा काही खास निघाला नाही, किमतीचा आणि त्याचा संबंधच सापडला नाही. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या हरमन कंपनीतल्या सहकाऱ्यांनी तर आणखी मजा केली होती. हेडफोन डोक्यावर घातला की वजनावरून, पॅडच्या स्पर्शावरून माणूस ओळखतोच, कुठला आहे ते. मग नाव आणि किंमत मनात घुसते. म्हणून त्यांनी ऐकणाऱ्यांना एकच हेडफोन घालायला दिला आणि त्यातूनच आळीपाळीने वेगवेगळ्या हेडफोनच्या आवाजाची नक्कल ऐकवली. ब्रँड गायब, फक्त आवाज शिल्लक. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये हे शक्य नव्हतं. भावाला डोळे मिटूनही 230 ग्रॅमचं माझं डबडं लगेच ओळखू यायचं.

घरच्या मैदानावर सामना बरोबरीत होता म्हणा. मग एका सोमवारी मी दोन्ही घेऊन लोकलमध्ये चढले.

लेडीज डबा, फास्ट लोकल, डोंबिवली ते सीएसएमटी. आधी जुना. घरी मी फोनच्या सहाव्या खाचेवर आरामात ऐकते. मुंब्र्याच्या पुढे बोगद्यात गाडी शिरली आणि सहावर काहीच कळेना. आठ, नऊ, दहा. अकराव्या खाचेवर किशोरीताई परत ऐकू यायला लागल्या. ठाण्याला गाडी थांबली, खडखडाट थांबला, आणि माझ्या लक्षात आलं की कानात किंकाळी चाललीय. गाडी सुटली की तीच किंकाळी परत 'नॉर्मल' वाटायला लागली.

मग नवीन चढवला, बटण दाबलं. चाकांची घरघर, पंख्यांचा गुरगुराट, दारातून येणारा वारा, सगळं कुणीतरी ओढून घेतल्यासारखं गेलं. आणि फोन सहाव्या खाचेवरून फक्त सातव्यावर न्यावा लागला.

ही करामत मुळात एका बंगाली बापाच्या लेकाची. अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात दिलेला हेडफोन त्यांनी कानाला लावला आणि इंजिनाच्या आवाजात गाणं काही ऐकू येईना. त्या प्रवासातच त्यांनी आकडेमोड सुरू केली असं सांगतात. बाहेरचा आवाज माइकने ऐकायचा, त्याची बरोबर उलटी लाट तयार करायची आणि कानात सोडायची. दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. वैमानिकांसाठीचा हेडसेट 1989 मध्ये आला, आणि तुमच्या-आमच्यासाठी क्वाएट कम्फर्ट 2000 मध्ये. ही युक्ती सलग, खालच्या आवाजांवर जास्त चालते. अचानक येणाऱ्या, वरच्या आवाजांवर कमी. म्हणून लोकलची घरघर गेली, पण "टिकल्या, क्लिपा, रबरबँड" जशीच्या तशी राहिली. उलट घरघर नसल्यामुळे समोरच्या दोघींचं सासू-पुराण जास्तच स्पष्ट ऐकू आलं. घाटकोपरला त्या उतरल्या तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, जावेचा विषय अर्धवट राहिला.

आता विनोद बाजूला. घरी येऊन त्याच पुठ्ठ्यावर मी सहावी आणि अकरावी खाच मोजली. सहावर आकडा सत्तर डेसिबलच्या आसपास, अकरावर नव्वदच्या आसपास. फोनचं ॲप काही कोर्टात चालणार नाही, पण अंदाजाला पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर मोठ्या माणसाच्या कानाला सहसा धोका नाही. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा. 83 ला 20 तास, 86 ला 10. आणि 90 ला? आठवड्याला फक्त 4 तास. माझा जाऊन-येऊन प्रवास अडीच तासांचा. म्हणजे जुना हेडफोन लावून लोकलने गेले, तर माझा आठवड्याचा कोटा मंगळवारी संध्याकाळी घरी पोहोचायच्या आत संपतो. जगभरात शंभर कोटींहून जास्त तरुण मुलामुलींच्या कानांना अशाच ऐकण्यामुळे धोका आहे, असं हीच संघटना सांगते. आतल्या कानातल्या त्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. डोक्यावरचे केस निदान विग लावून झाकता तरी येतात.

आणि माझा तर धंदाच कानांवर चालतो. फ्रीलान्स पत्रकार म्हणजे मुलाखत घ्यायला एक तास आणि ती ऐकून उतरवायला चार तास. मागच्या महिन्यात लालबागच्या एका चाळीत निवृत्त गिरणी कामगार काकांशी बोलत होते. डोक्यावर पंखा, खाली रस्ता, काकांच्या तोंडात कवळी. पहिल्या पगाराबद्दल सांगताना त्यांनी एक आकडा सांगितला. घरी नव्या हेडफोनवर ऐकलं, 'सात रुपये कापले'. परत ऐकलं. सात? की साठ? नव्याने पंख्याचा गुंजारव छान उबदार करून वाढवला होता आणि शब्दाचं टोक त्यात बुडलं होतं. जुना लावला. पंखा तिथेच, पण बारीक, मागे. आणि 'साठ'मधला तो 'ठ', जीभ टाळूवरून सुटतानाचा तो हवेचा फटका, स्पष्ट. तो फटका वरच्या आवाजांत राहतो, आणि माझ्या डबड्याचा वरचा आवाज तिखट आहे हे सांगितलंच. तरी खात्री म्हणून काकांना फोन केला. "साठच गं बाई. सात कापले असते तर संप कशाला केला असता?"

एका माणसाच्या पगारातून सात गेले की साठ गेले, यात किती फरक असतो हे ज्याचे गेले त्याला विचारा. तिथे मला गोड आवाज नको असतो.

व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवा. ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा येतो. सिनेमा बघताना ॲप ते सांभाळून घेतं, पण टाइमलाइनवर कट मारताना ओठ आधी आणि शब्द नंतर होतं. तिथे वायरच. फोनला 3.5 मिलिमीटरचं भोक नसेल (आयफोनने ते 2016 मध्ये काढलं, मग बाकीच्यांनी री ओढली) तर यूएसबी-सीचं छोटं शेपूट घ्या, काम होतं.

राहिला प्रश्न आयुष्याचा. भावाचं म्हणणं, तीस वर्षं चालणारी वस्तू घेऊन करायचं काय? माझं म्हणणं, चालू असलेली वस्तू मारायची कशाला? भांडणापेक्षा हिशेब बरा, म्हणून कागद घेतला. लिथियमची बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की दमायला लागते. माझा नवीन एका चार्जिंगवर तीस तास चालतो. रोज सहा तास वापरला तर पाच दिवसांतून एकदा चार्ज. पाचशे गुणिले पाच, अडीच हजार दिवस, म्हणजे जवळजवळ सात वर्षं. नुसत्या वयानेही बॅटरी थोडी झिजते, पण तरी ठीक आहे की! मी याहून वाईट बातमीची तयारी ठेवली होती.

मग भाऊ कानात घालतो त्या शेंगांचा हिशेब केला. चार्जिंगवर सहा तास, वापर रोज सहा तास. म्हणजे रोज एक फेरी. पाचशे दिवस. दीड वर्षापेक्षा थोडं कमी. त्याने शेंगा काढून हातात घेतल्या, एकदा कागदाकडे बघितलं. "तरीच डावी दुपारी तीनलाच मान टाकते," म्हणाला. उघडून बॅटरी बदलावी म्हटलं तर या शेंगांमध्ये सगळं गोंदाने चिकटवलेलं. युरोपने 2023 मध्ये कायदा केलाय, की 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. कंपन्या युरोपसाठी एक आणि आपल्यासाठी एक असे दोन साचे पाडणार नाहीत, अशी आशा आहे. लॅमिंग्टन रोडच्या काकांना हे सांगितलं तर ते हसतील बहुधा.

डबडं फेकलेलं नाही. ते टेबलाजवळच्या खिळ्यावर असतं, मुलाखती उतरवायला आणि रात्री भूप ऐकायला. नवीन पर्समध्ये असतो, लोकलसाठी. त्याचं पॅड टिकावं म्हणून मी दोन नियम केलेत. केसांना तेल लावलेल्या दिवशी फक्त जुना वापरायचा, त्याचं पॅड मिळतं. आणि झुमके घातलेल्या दिवशी दोन्ही नाहीत. त्या दिवशी समोरच्या बाकावरचं सासू-पुराण ऐकायचं, जावेचा विषय अजून बाकी आहे.